बोलीतून हसणे आणि बोलीला हसणे : शहापूर-मुरबाड परिसरातील दैनंदिन विनोदाची भाषा

प्रास्ताविक

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शहापूर व मुरबाड या तालुक्यांत दोन परिचित माणसे भेटली, की पहिल्या दोन-तीन वाक्यांतच एखादी थट्टा होऊन जाते. ही थट्टा अर्ध्या मिनिटाची असते. ती कोणी लिहून ठेवत नाही, तिला कर्ता नसतो आणि एस.टी. आली की ती संपते. लोकगीते, लग्नगीते, म्हणी आणि उखाणे यांचे संकलन मराठीत बऱ्याच आस्थेने झाले आहे. दैनंदिन बोलण्यातील विनोद मात्र संकलकाच्या झोळीत सहसा पडला नाही. त्याचे एक कारण तो क्षणजीवी असतो हे आहे. दुसरे कारण असे, की ज्या शब्दांत तो होतो ते शब्द ‘ग्राम्य’ समजले जातात आणि ग्राम्य शब्द अभ्यासकासमोर उच्चारण्याचे बोलणारा स्वतःच टाळतो.

प्रस्तुत लेख प्रश्नावलीवर किंवा सर्वेक्षणावर आधारलेला नाही. या परिसरातील अध्यापन, प्रवास आणि कानावर पडलेले बोलणे एवढेच त्याचे साधन आहे. त्यामुळे येथे आकडेवारी नाही. बोलीतून हसणे ही एक गोष्ट आहे आणि बोलीला हसणे ही दुसरी गोष्ट आहे, हा भेद स्पष्ट करण्याचा प्रयत्न तेवढा केला आहे. भेद लहान वाटला तरी वर्गातील विद्यार्थी बोलतो की गप्प राहतो, हे पुष्कळदा त्यावर ठरते.

परिसर आणि बोली

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्यानंतर ठाणे जिल्ह्यातील ग्रामीण व डोंगराळ प्रदेशाचा मोठा भाग शहापूर-मुरबाडमध्येच उरला. पूर्वेस सह्याद्रीची भिंत, मुरबाडच्या अंगाला माळशेज घाट, शहापूरच्या अंगाला कसारा घाट, आणि पश्चिमेस कल्याणपर्यंत पसरत आलेले महानगर असा हा पट्टा आहे. कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी असे अनेक समाज येथे शेजारी-शेजारी राहतात. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आगरी, कुणबी, ठाकरी, कातकरी, वारली, कोळी अशा उत्तर कोकणातील बोलींची स्वतंत्र नोंद आहे. २०१३ मध्ये अरुण जाखडे यांनी संपादित केलेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडानेही बोलींकडे नव्याने लक्ष वेधले.

या बोलींत परस्परभेद पुष्कळ आहेत. त्यांना सरसकट ‘आगरी’ म्हणणे हा शहरी आळस होय. तथापि काही उच्चारविशेष बऱ्याच ठिकाणी ऐकू येतात. ‘ळ’च्या जागी ‘ल’ येतो, ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. डोळा हा ‘डोला’ होतो, पाणी हे ‘पानी’ होते. आगरीत ‘ड’चा ‘र’ होतो, म्हणजे घोडा ‘घोरा’ होतो. ‘मला’ऐवजी ‘मना’ येते. व्याकरणाच्या तासाला यांची यादी ‘अशुद्धे’ म्हणून फळ्यावर लिहिली जाते. विनोदाच्या दृष्टीने पाहिले तर हीच यादी एक भांडवल ठरते. दोन ध्वनी एक झाले की दोन शब्द एक होतात, आणि दोन शब्द एक झाले की श्लेष आयता हाती येतो. केळे खाल्ल्याचे सांगणाऱ्याचे ‘केलं’ आणि काम केल्याचे सांगणाऱ्याचे ‘केलं’ यांत फरक उरत नाही. ‘काय केलंस?’ या प्रश्नाला ‘केलं खाल्लं’ हे उत्तर व्याकरणदृष्ट्या निर्दोष आणि कामाच्या दृष्टीने निरुपयोगी असते. वरात आल्यावर गळ्यात पडणारी ‘माल’ फुलांची की सासऱ्याकडून मिळणारी, हा प्रश्नही याच जातीचा. प्रमाण मराठीत हे श्लेष साधतच नाहीत.

एक अवांतर गोष्ट येथे नोंदवावीशी वाटते. मुंबईत घाटापलीकडच्या माणसाला हिणवून ‘घाटी’ म्हणतात आणि शहापूरचा माणूस नोकरीनिमित्त तेथे गेला की तोही ‘घाटी’ ठरतो. वस्तुतः शहापूर घाटाखाली, म्हणजे कोकणात आहे. हा माणूस स्वतः गावी परतला की घाटावरून आलेल्या माणसाला तेच विशेषण लावतो. असे हे विशेषण लोहमार्गाने पूर्वेकडे सरकत जाते आणि आपल्यापाशी थांबते असे कोणालाच वाटत नाही.

उलट बोलणे आणि कमी बोलणे

या परिसरातील विनोदाची सर्वांत समृद्ध खाण श्लेषात नाही. ती उलट बोलण्यात आणि कमी बोलण्यात आहे. उशिरा आलेल्याला ‘आज लवकर आलात’ म्हणावे, काम न करणाऱ्याला ‘दमला असशील, बस’ म्हणावे, खिसा रिकामा असलेल्या मित्राला ‘शेठ’ म्हणावे. ‘शेठ’ हा शब्द विशेष विचार करण्याजोगा आहे. मूळचा तो सावकार-व्यापाऱ्याचा शब्द, म्हणजे ज्याच्यापुढे वाकावे लागे त्याचा. तोच शब्द चहाच्या टपरीवर उधार मागणाऱ्यास लावला की वाकण्याची जुनी आठवण आणि आजची बरोबरी दोन्ही एकाच वेळी बोलली जातात. अलीकडे त्यात आणखी एक पदर मिसळला आहे. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला आणि जून २०२५ मध्ये त्याचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. जमिनीच्या मोबदल्याने काही काळ खरोखरच शेठ झालेली माणसे ज्या भागात असतात, तेथे ‘काय शेठ?’ या प्रश्नातील थट्टा नेमकी कोणत्या बाजूने चालली आहे हे परक्याला सांगता येत नाही. बोलणाऱ्याला मात्र ते ठाऊक असते.

कमी बोलण्याचे उदाहरण म्हणजे आतिथ्य. पाहुण्यापुढे कोंबडीचा रस्सा, तांदळाची भाकरी आणि भात असा थाट मांडून यजमान म्हणतो, ‘चला, गरिबाची चटणी-भाकर खाऊन घ्या.’ हे खोटे नव्हे आणि केवळ नम्रताही नव्हे. पाहुण्याने ‘अहो, एवढे कशाला’ म्हणावे यासाठी केलेली ती जागा असते. ‘कसं काय?’ या प्रश्नाला ‘बरं चाललंय’ याहून अधिक उत्तर देणे हे येथे अवाजवी समजले जाते. मुलगा परीक्षेत पहिला आला तरी बाप ‘पास झाला’ एवढेच सांगतो.

हाच स्वभाव जगाच्या दुसऱ्या टोकाला स्कॉटलंडमध्ये आढळतो. ही तुलना मनात येण्याचे कारण मराठीच्या इतिहासातच आहे. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाची पहिली आवृत्ती १८३१ मध्ये आणि दुसरी १८५७ मध्ये निघाली. या दुसऱ्या आवृत्तीला मराठी भाषेच्या घटकांविषयीचे प्रास्ताविक टिपण जॉन विल्सन यांनी लिहिले. कोशात अनेक शब्दांपुढे ते कोकणातले आहेत किंवा हलक्या वापरातले आहेत अशा खुणा दिसतात. विल्सन हे स्कॉटलंडच्या सीमाभागातील लॉडर या गावचे. त्यांच्या स्वतःच्या मुलखातील बोलीलाही त्या काळी इंग्रजीच्या तुलनेत गावंढळ ठरवले जात होते. स्कॉट्स ही जुन्या इंग्रजीच्या उत्तरेकडील शाखेतून वाढलेली भाषा. पण १८७२ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये शालेय शिक्षण सक्तीचे झाले तेव्हा शाळेची भाषा प्रमाण इंग्रजी होती, आणि स्कॉट्स बोलणारे मूल चुकीचे इंग्रजी बोलणारे मूल ठरले. चूक आणि बोली यांची अशी गल्लत आपल्याला अपरिचित नाही.

स्कॉटिश माणसाला एखादी गोष्ट अतिशय आवडली तर तो ‘नो बॅड’, म्हणजे ‘वाईट नाही’, एवढेच म्हणतो. कंटाळवाण्या, ओलसर, ढगाळ दिवसासाठी त्याच्यापाशी ‘ड्रीख’ असा एक शब्द आहे. तो उच्चारतानाच घशात थंडी भरते. रिपरिप, झड, भुरभुर, झिमझिम असे पावसाचे भेद जाणणाऱ्या मुरबाडकराला त्याचे नवल वाटू नये. एखादा निरर्थक बडबड करू लागला तर ग्लासगोत त्याला सांगतात, की तुझे बूड खिडकीबाहेर आले आहे. ब्रिटनभर सांगितला जाणारा एक किस्सा असा : व्याकरणाचे प्राध्यापक वर्गात सांगतात, दोन नकार मिळून होकार होतो, पण दोन होकार मिळून नकार झाल्याचे कोणत्याही भाषेत उदाहरण नाही. मागच्या बाकावरून ग्लासगोचा विद्यार्थी म्हणतो, ‘आय, राइट.’ दोन्ही शब्दांचा अर्थ ‘होय’ आणि मिळून अर्थ ‘अजिबात नाही’. आपले ‘हो, तर!’ नेमके हेच काम करते. ‘शहाणा’ या शब्दाचे तर आपण पूर्ण वाटोळे केले आहे. ‘आलास मोठा शहाणा’ या वाक्यातील माणूस शहाणा सोडून काहीही असतो.

असा विनोद तुटवड्याच्या प्रदेशात अधिक वाढतो, असे मला वाटते. तानसा धरण १८९२ मध्ये बांधले गेले. पुढे भातसा झाले. दोन्ही शहापूर तालुक्यात, आणि दोहोंचे पाणी मुंबईला. याच तालुक्यातील अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत येऊन गुळगुळीत झाली आहे. तरीही ती हंडा घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईच्या तोंडी आली की तिची धार जात नाही. येथे विनोद दुःखावर फुंकर घालतो असे म्हणण्याची प्रथा आहे. मला ते पुरते पटत नाही. रांगेतील ही बाई फुंकर घालत नसून हिशेब मांडत असते. हसण्याच्या आवरणामुळे तो हिशेब ग्रामसेवकासमोरही मांडता येतो, एवढेच.

नाते, टोपणनाव आणि परवाना

कोणी कोणाची थट्टा करावी याचे नियम असतात. रॅडक्लिफ-ब्राउन या मानवशास्त्रज्ञाने १९४० मध्ये ‘थट्टेचे नाते’ ही कल्पना मांडली. काही नात्यांत एकाला थट्टा करण्याची मुभा असते, क्वचित ते कर्तव्यच असते, आणि दुसऱ्याने राग मानायचा नसतो, असा तिचा आशय. आपल्याकडे धाकटा दीर आणि भावजय, मेव्हणा आणि मेव्हणी, विहीण आणि विहीण ही अशी नाती आहेत. थोरला दीर आणि सासरा यांच्याशी मात्र डोक्यावरचा पदर सावरूनच बोलायचे. हळदीच्या रात्री आगरी समाजात धवलारीण धवले म्हणते. त्या विधिगीतांचे गांभीर्य एका बाजूला आणि वऱ्हाडी मंडळींवर झोडलेले टोमणे दुसऱ्या बाजूला, असे दोन्ही एकाच मांडवात चालते. शिमग्यात तर परवाना सर्वांनाच मिळतो. एरवी जे शब्द उच्चारले असता भांडण होईल ते होळीभोवती मोठ्याने ओरडले जातात आणि दुसऱ्या दिवशी माणसे पुन्हा रामराम करतात.

टोपणनावांचे क्षेत्र अधिक निसरडे आहे. एकाच आडनावाची चाळीस घरे असलेल्या गावात टोपणनाव ही सोय असते. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील कोळी वस्त्यांतही आडनावे मोजकीच असल्याने ‘टी-नेम’ नावाचे जादा नाव लावण्याची रीत होती. सोय म्हणून आलेले नाव एखाद्याच्या लंगडेपणावर किंवा रंगावर बोट ठेवू लागते तेव्हा थट्टेच्या नात्याचा नियम मोडलेला असतो, कारण त्या माणसाला उलट थट्टा करण्याची मुभा कोणी दिलेली नसते. गावातील विनोद सगळा निरागस असतो असे समजणाऱ्यांनी कातकरी मुलांना शाळेत कोणत्या नावांनी हाक मारली जाते ते एकदा ऐकावे.

बोलीला हसणे

हसण्याची उतरंड जुनी आहे. नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. स्मित व हसित उत्तम प्रकृतीचे, विहसित व उपहसित मध्यम प्रकृतीचे, अपहसित व अतिहसित अधम प्रकृतीचे. संस्कृत नाटकातील विदूषक ब्राह्मण असूनही प्राकृत बोलतो. म्हणजे प्रेक्षकाला हसवण्याची जबाबदारी आणि प्रतिष्ठित नसलेली भाषा यांची गाठ फार पूर्वीच मारली गेली. आधुनिक मराठी करमणुकीत नोकर, गडी, रिक्षावाला आणि फसणारा गावकरी यांच्या तोंडी बोली येते. नायक-नायिका प्रमाण मराठीत प्रेम करतात. अशा प्रसंगी प्रेक्षक हसतो तो विनोदाला नव्हे, ‘ळ’च्या ‘ल’ला हसतो. लेखकाने विनोद लिहिलेलाच नसतो.

याउलट घडू शकते याचा पुरावा मालवणीत आहे. गंगाराम गवाणकर यांचे ‘वस्त्रहरण’ हे नाटक १९८० मध्ये व्यावसायिक रंगभूमीवर आले आणि मच्छिंद्र कांबळी यांनी ते गाजवले. गावातील नाटकमंडळी महाभारतातील प्रसंग बसवतात, अशी त्याची चौकट आहे. प्रेक्षक मालवणीला हसला नाही. मालवणीतून पौराणिक नाटकाच्या भारदस्तपणाला हसला. साधारण तेच काम ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात स्टॅन्ली बॅक्स्टर यांच्या ‘पार्लियामो ग्लासगो’ या दूरचित्रवाणी प्रहसनांनी केले. त्यांत ग्लासगोची बोली परकी भाषा शिकवावी तशी अत्यंत गंभीरपणे शिकवली जाते आणि हसू होते ते शिकवणाऱ्याच्या गांभीर्याचे. पुढे जहाजबांधणीच्या गोदीत वेल्डर असलेले बिली कॉनली त्याच बोलीत बोलत देशभर लोकप्रिय झाले. २०११ च्या स्कॉटिश जनगणनेत प्रथमच स्कॉट्सविषयी प्रश्न विचारण्यात आला, तेव्हा सुमारे १५ लाख लोकांनी ती बोलता येते असे सांगितले; २०२५ मध्ये स्कॉटिश संसदेने कायदा करून गेलिक आणि स्कॉट्स या दोहोंना अधिकृत दर्जा दिला. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपल्या महाविद्यालयांतून व्याख्याने झाली, दिंड्या निघाल्या. त्या व्याख्यानांत बोलींचा उल्लेख ‘समृद्ध वारसा’ असा होत होता आणि सभागृहातील मुले ‘पानी’ म्हणायला लाजत होती. उत्तर कोकणच्या या पट्ट्याला ‘वस्त्रहरण’च्या तोडीचे नाटक अद्याप लाभलेले नाही.

वर्गातील दोन अनुभव

पहिला अनुभव माझ्या चुकीचा आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी तोंडी परीक्षेत एका मुलाला मी लेखकाविषयी प्रश्न विचारला. तो म्हणाला, ‘सर, कोन लेखक?’ मी म्हटले, ‘कोन भूमितीत असतो. कोण म्हण.’ त्याने पुन्हा ‘कोन’ म्हटले. मी तिसऱ्यांदा म्हणवून घेतले. बाहेर रांगेत उभी असलेली मुले हसली आणि मलाही माझी कोटी त्या वेळी बरी वाटली. त्यानंतर वर्षभर त्या मुलाने वर्गात तोंड उघडले नाही. पुढच्या वर्षी त्याने प्रवेशही घेतला नाही. त्याला घरची इतर कारणे असतील. मी तेवढ्यावर समाधान मानले.

दुसरा अनुभव पुष्कळ नंतरचा. वर्गात ‘नो बॅड’चा अर्थ समजावून सांगत होतो आणि समोरचे चेहरे कोरे होते. तेव्हा विचारले, ‘तुमची आजी लग्नाचे जेवण जेवून आली, की जेवणाविषयी काय सांगते?’ शेवटच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, ‘“बरा व्हता” बोल्ली म्हंजे दोन येला घेतला.’ वर्ग हसला. पण या वेळी तो आजीच्या धूर्तपणाला हसला आणि त्या मुलीनेही मान वर करून हसून घेतले. त्यानंतर अर्धा तास मुले अशी उदाहरणे देत होती. मला एकही दुरुस्त करावेसे वाटले नाही. दुरुस्त केले असते तर प्रत्येक उदाहरण जागच्या जागी मेले असते. ‘बरे होते असे म्हणाली, याचा अर्थ तिने दोन वेळा घेतले’, या वाक्यात हसण्यासारखे काय उरते?

तेव्हापासून मुलांकडून एक वही लिहून घेतो. तिच्यात शब्द किंवा वाक्य, बोलणारा, ऐकणारा, त्यांचे नाते, आणि कोण हसले व कोण हसले नाही, अशा नोंदी असतात. हा शेवटचा रकाना मुलांना प्रथम विचित्र वाटतो. काही आठवड्यांनी त्यांच्या लक्षात येते, की तोच सर्वांत अवघड आहे. मात्र वहीत न मावणारी एक नोंद माझ्यापाशी आहे.

दोन वर्षांपूर्वी शहापूरहून किन्हवलीकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसलो होतो. चालक वाटेत सगळ्यांना हसवत होता. पुढे बसलेल्या म्हाताऱ्याला ‘शेठ’ म्हणत होता, बाजाराच्या पिशव्या घेऊन बसलेल्या बायकांना ‘मावशी, अर्धी गाडी तुमचीच’ म्हणत होता. त्याचे बोलणे इतके चपळ होते, की मी मनातल्या मनात नोंदी करू लागलो. एका फाट्यावर गाडी थांबवून त्याने आरशात पाहिले, माझ्यावर नजर ठेवली आणि विचारले, ‘कोन उतरनार?’ मग किंचित थांबून, प्रत्येक ‘ण’वर पूर्ण जोर देऊन तो म्हणाला, ‘चुकलं. कोण उतरणार, सर?’ जीपमधील कोणालाही त्याचा संदर्भ ठाऊक नसताना सगळे हसले. मला उतरायचे नव्हते. तरी मी पैसे पुढे केले, तर तो म्हणाला, ‘ऱ्हाऊ द्या सर, तुमची फी बाकी हाय माझ्याकरं.’